सत्तावन्न पावलं आणि एक हात

आमच्या शाळेत खोल्यांना क्रमांक आहेत, पण खोल्या ज्या क्रमाने उभ्या आहेत त्या क्रमाने ते दिलेले नाहीत. ज्या क्रमाने बांधल्या गेल्या त्या क्रमाने दिलेले आहेत. म्हणून तीनच्या शेजारी नऊ आहे, नऊच्या शेजारी चार, आणि बारा नंबर दोन जिन्यांच्या मधे एकटाच रुसून बसल्यासारखा आहे. जुनी आणि नवी इमारत एका लांब बंदिस्त वाटेने जोडलेल्या आहेत, आणि नव्या इमारतीचा पहिला मजला जुनीच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधेच कुठेतरी येतो. दर वर्षी पाचवीत नवी मुलं येतात आणि पहिला आठवडाभर ती फुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखी कुठल्याही कोपऱ्यात सापडतात.

मी इथे अकरा वर्षं विज्ञान शिकवते. अकरा वर्षांत मी फारशी चुकलेली नाही, कारण मी मोजते. मला दिशा कळत नाहीत. दुकानातून बाहेर पडले की आपण डावीकडून आलो की उजवीकडून हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून शाळेत रुजू झाले त्या आठवड्यातच मी माझ्या रोजच्या सात वाटांची पावलं मोजून ठेवली. फाटकातून सरळ चौदा पावलं, तीन पायऱ्या, उजवीकडे, बेचाळीस पावलं, डावीकडचं दार. ती माझी प्रयोगशाळा. हे गुपित फक्त माझ्या ताईला माहीत होतं.

ताई धाकट्या शाळेत शिकवते. आमची माध्यमिक शाळा ती थोरली शाळा, आणि दोन गल्ल्या सोडून असलेली प्राथमिक ती धाकटी, असं इथे सगळेच म्हणतात. धाकट्या शाळेत एक वर्ग, एक खोली आणि एकच बाई. पहिलीत मुलं ज्या बाईंच्या हाती येतात त्याच बाई चौथीपर्यंत त्यांच्याबरोबर वर सरकतात. मग एक दिवस ती मुलं आमच्याकडे येतात, आणि दर पस्तीस मिनिटांनी घंटा वाजली की दप्तर उचलून दुसरी खोली शोधायला लागतात.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि अखंड बोलणारी. आई म्हणायची, दोघींच्या वाट्याचं बोलणं थोरलीनेच उचललं. एका सुट्टीच्या सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि चहा होईपर्यंत तिने मला तिच्या वर्गातल्या भोवऱ्याची सगळी हकिगत सांगितली.

भोवरा ही एका सुताराची मुलगी. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं. तिला एकदा गोल फिरवलं की आपण कुठून आलो हे तिला कळेनासं व्हायचं, म्हणून. हुशार, हसरी, उंचीने वर्गात मधोमध. मागच्या वर्षी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटं आणायला पाठवलं होतं. तीन तासांनी ती दुसऱ्याच वस्तीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात सापडली. उंच खुर्चीवर बसली होती आणि निम्मी बिस्किटं न्हाव्याला देऊन झाली होती. ती मजेत होती, पण तिच्या वडिलांचे तीन तासांत केस पांढरे व्हायचे बाकी राहिले होते.

आता प्रश्न पाचवीचा होता. थोरल्या शाळेत नऊशे मुलं, दोन इमारती, रोज सात खोल्या. वडिलांनी मनात घेतलं होतं की मुलीला तिच्या आत्याकडे ठेवायचं. आत्याच्या गावची शाळा म्हणजे एक सरळ व्हरांडा आणि ओळीने दहा दारं, डोळे मिटून चाललं तरी चुकायचं नाही. आत्याला मूलबाळ नव्हतं, तिने आनंदाने खोली झाडून ठेवली होती. वडिलांनी तिथे पाठवायला अभ्यासाचं टेबलही करायला घेतलं होतं. आईचं मत रोज बदलत होतं. आणि भोवऱ्याने ताईच्या मांडीवर डोकं ठेवून एकच वाक्य सांगितलं होतं, की मला माझ्या घरी राहायचंय.

“तुझ्यासारखीच आहे ती,” ताई म्हणाली. “तिला तुझी युक्ती दे.”

मी म्हटलं, ते कुणाला सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं.

“ठरलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. आता पोटात ठेवून काय त्याचं लोणचं घालणार आहेस?”

त्या दुपारी मी बसून भोवऱ्यासाठी एक कागद तयार केला. पाचवीच्या सात खोल्यांपैकी माझ्या वाटांवरच्या सहा खोल्यांच्या वाटा, पावलांच्या आकड्यांसकट, वळणं लाल शाईने, पायऱ्या निळ्या शाईने. खोटं कशाला बोलू, मला फार समाधान वाटलं. इतक्या वर्षांत माझी ही मोजदाद मी पहिल्यांदाच कागदावर पाहत होते, आणि ती नीटनेटकी, सुंदर दिसत होती. तीनदा तपासून मी कागद ताईकडे दिला.

ताईने माझ्याकडून आलेली कुठलीही चांगली गोष्ट आजवर एकटीने खाल्लेली नाही. तिने त्या कागदाच्या अठ्ठावीस प्रती काढल्या आणि थोरल्या शाळेतल्या माझ्या बहिणीने हे मोजलंय असं सांगून सगळ्या वर्गाला वाटल्या.

वर्ष संपता संपता एक दिवस चौथीची मुलं थोरली शाळा बघायला येतात. आम्ही त्याला भेटीचा दिवस म्हणतो. फाटकातून एकेकट्याने आत यायचं, ठरवून दिलेल्या खोल्या शोधायच्या, प्रत्येक ठिकाणी एक शिक्का मिळवायचा, असा तो खेळ असतो. त्याच दिवशी पालकही प्रवेशाचे अर्ज भरायला येतात. पहिली खोली प्रयोगशाळा होती. मी टेबल पुसून, शिक्का आणि शाईची गादी समोर ठेवून, दाराकडे तोंड करून बसले. फाटकावर ताई एकेका मुलाला सोडत होती.

पहिल्या तीन पायऱ्यांच्या अलीकडेच सगळी मुलं थांबली, हे मला खिडकीतून दिसलं. त्यांची पावलं पायऱ्या यायच्या आधीच संपली होती, पण पायऱ्या समोरच दिसत होत्या, म्हणून ती मोजणं सोडून चालत त्यांच्यापर्यंत गेली. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. मला ते नुसतं गोड वाटलं.

मग मुलं उजवीकडे वळली आणि मला दिसेनाशी झाली. मी वाट पाहत राहिले. दोन मिनिटं गेली, पाच गेली. व्हरांड्यातून मोठ्याने मोजण्याचे आवाज येत होते, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि बेचाळीसला आवाज बंद. पुन्हा नवा आवाज, पुन्हा बेचाळीस, पुन्हा शांतता. जणू काही व्हरांडा मुलं गिळत होता. अखेर माझ्या दारात एकच मुलगी आली. वर्गात तिला जिराफ म्हणत. तिने विचारलं, “बाई, बाकीचे कुठे गेले?”

मी उठून बाहेर आले, आणि मला दिसलं ते असं.

पायऱ्यांपासून प्रयोगशाळेपर्यंत डाव्या हाताला चार दारं आहेत. पहिलं शिपाईमामांच्या खोलीचं, दुसरं मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या कचेरीचं, तिसरं सामानाच्या खोलीचं आणि चौथं माझं. अठ्ठावीस मुलं उंचीप्रमाणे या दारांत वाटली गेली होती. सगळ्यांत लहान मुलं शिपाईमामांच्या खोलीत त्यांच्या डब्याभोवती उभी होती. उंच मुलं सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांमधे दाटीने उभी होती आणि शिक्का कोण देणार याची वाट पाहत होती. एका मुलाने तिथल्या कोपऱ्यातल्या मानवी सांगाड्याला नमस्कारही केला होता. आणि मधल्या उंचीची चौदा मुलं मोठ्या सरांच्या कचेरीत होती.

पाऊल हे प्रमाणित एकक नाही. वीत, हात, पाऊल ही मापं माणसागणिक बदलतात. पाचवीच्या पुस्तकातला हा पहिला धडा. गेली अकरा वर्षं दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी तो शिकवते. फळ्यावर शीर्षक लिहून खाली दोन रेघाही ओढते.

मी कचेरीच्या दारात गेले. मोठे सर खुर्चीत मागे रेलून बसले होते, त्यांच्या टेबलाभोवती चौदा मुलं हातातले कागद पुढे करून उभी होती. टेबलाच्या अलीकडे एक माणूस अर्ज समोर घेऊन बसला होता. शर्टाच्या खिशात लोखंडी टेप, कानावर पेन्सिल. त्याच्या शेजारी एक ठसठशीत बाई मांडीवर पिशवी ठेवून बसल्या होत्या. हे भोवऱ्याचे वडील आणि आत्या, हे मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण भोवरा त्यांच्या समोर उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता.

आत्या भावाला सांगत होत्या की हे असं होणार हे मी कालच म्हटलं होतं, आता तो अर्ज बाजूला ठेव. त्या चिडून बोलत नव्हत्या. उलट, लेकरू आपल्याकडे येणार म्हणून आवाजात एक ऊब होती, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्तच अवघड जात होतं. वडिलांनी पेनाचं टोपण लावलं.

भोवरा हळूच म्हणाली, “मी बरोबर बेचाळीसच मोजली.”

“हो गं बाळा,” आत्या म्हणाल्या. “पण पोचलीस कुठे?”

तेवढ्यात तिला मी दारात दिसले. तिने आधी माझ्या ताईसारख्याच चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. तिचे ओठ हलले. मी शिक्षिका आहे, मुलाच्या डोक्यात एखादी गोष्ट जागेवर बसते तो क्षण मला ओळखता येतो.

“बाई,” ती म्हणाली, “तुमचे पाय लांब आहेत.”

मी आत गेले. मला चार लोकांत बोलायला आवडत नाही, पण ते वाक्य मलाच बोलायचं होतं. मी म्हटलं की मुलीची चूक नाही, माझी आहे. पावलं मी माझी मोजली आणि कागद तिला दिला. मोठ्या सरांनी विचारलं की तुम्ही पावलं मुळात मोजलीत कशाला. मग मी तेही सांगितलं. मला वाट सापडत नाही, अकरा वर्षं मी याच शाळेत मोजून चालते.

मोठे सर खुर्चीत पुढे झाले. मग म्हणाले, “म्हणजे त्या वर्षी तपासणीच्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना घेऊन गच्चीवर गेलात, ते त्यांना शहराचं दृश्य दाखवायला नव्हे?”

मी म्हटलं, नाही. बोलता बोलता मोजणी चुकली होती.

आधी मोठे सर हसले. मग शिपाईमामा दारातून हसले, मग चौदा मुलं. आणि मग, मला अपेक्षा नव्हती, सुतार हसायला लागला. तो इतका हसला की त्याला कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवावी लागली.

“अक्का,” तो बहिणीला म्हणाला, “माझ्या दुकानात दोन टेपा आहेत. त्यातली एक तीन मिलिमीटरने खोटी आहे. पोरांना हजारदा सांगितलंय, एका कामाला एकच टेप. माप एकीने आणि कापणी दुसरीने, की दार बसत नाही. इथे तेच झालंय. मोजणारीचं काही चुकलेलं नाही.”

आत्या म्हणाल्या की मोजणारीचं चुकलं नसेल, पण दार चुकलंच की. हेही बरोबर होतं.

त्यावर सुतार उठला. खिशातून टेप काढली आणि व्हरांड्यात गेला. आम्ही सगळे त्याच्या मागून गेलो. शिपाईमामांनी खडूने फरशीवर एक रेघ ओढली. भोवऱ्याला रेघेवर उभं करून दहा पावलं चालायला सांगितलं. पहिल्यांदा ती डबकी ओलांडावीत तशी ढांगा टाकत गेली.

“रोजचं चाल,” वडील म्हणाले. “मोठेपणा नको.”

दुसऱ्यांदा ती रोजचं चालली. दहा पावलं, पाच मीटर दहा सेंटीमीटर. म्हणजे एक पाऊल एकावन्न. मग माझी पाळी. माझी दहा पावलं बरोबर सात मीटर. बेचाळीस गुणिले सत्तर, दोन हजार नऊशे चाळीस. त्याला एकावन्नाने भागायचं. भोवरा गुडघ्यांवर बसली आणि तिने भागाकार फरशीवरच मांडला. तिच्याभोवती सत्तावीस मुलांचं कडं झालं. उत्तर सत्तावन्न आलं आणि खाली तेहेतीस उरले.

“या तेहेतीसचं काय करायचं?” तिने विचारलं.

“ते तेहेतीस सेंटीमीटर,” मी म्हटलं. “एवढ्यासाठी पाऊल टाकायचं नाही. हात पुढे कर.”

ती उठली, पायऱ्यांपाशी गेली, आणि ओठ हलवत चालत आली. शिपाईमामा गेले, कचेरी गेली, सामानाची खोली गेली. सत्तावन्नाव्या पावलाला ती थांबली, डावीकडे न बघताच हात पुढे केला, आणि तिची बोटं प्रयोगशाळेच्या चौकटीला टेकली. ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघून हसली. मला फार हसता येत नाही, पण त्या वेळी आलं.

त्यानंतर भेटीच्या दिवसाचा कार्यक्रम असा काही उरला नाही. सगळ्या मुलांना आपापलं पाऊल मोजून हवं होतं. सुतार अर्धा तास गुडघ्यांवर बसून टेप धरत होता, ताई आकडे लिहून घेत होती. मोठ्या सरांनीही मोजून घेतलं. त्यांचं चौसष्ट भरलं. ते माझ्यापेक्षा कमी आलं म्हणून त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौसष्टच भरलं.

निघताना वडिलांनी अर्जावर सही केली, पण एका अटीवर. पहिला दिवस बघायचा. सगळे तास, कुणाचा हात न धरता, कुणाच्या मागे न जाता. एखाद्या तासाला ती वर्ग सुरू झाल्यावर पोचली, तर त्याच आठवड्यात आत्याकडे. भोवऱ्याने मान हलवली. आत्या म्हणाल्या की पहिल्या दिवशी मी स्वतः फाटकावर उभी राहीन, आणि तोवर टेबलाला पॉलिश करू नकोस, कुठल्या खोलीत जाणार ते ठरू दे.

सुट्टी दोन महिन्यांची होती. शिक्षकांच्या खोलीत मात्र माझं हसं महिनाभर पुरलं. गणिताचे सर मला चहा देताना सांगत, बाई, कप तीन पावलांवर ठेवलाय, माझ्या की तुमच्या ते विचारू नका.

पहिल्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी होते. पाचवीची नवी मुलं एकेक करून आत येत होती, आणि मला एकाएकी धस्स झालं. ती वाढली होती. दोन महिन्यांत सगळीच वाढली होती. जिराफच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. भोवराही आली, नवे बूट घालून, आणि तिची वेणी आता खांद्याच्या खाली पोचत होती. पाऊल नुसतं दोन सेंटीमीटरने वाढलं असेल तरी सत्तावन्न पावलांत एक मीटर चौदा सेंटीमीटरचा फरक पडतो. आमची दारं एक मीटर रुंद आहेत. तिला सांगावं म्हणून मी पुढे झाले तोच घंटा वाजली, आणि नऊशे मुलांच्या लोंढ्यात ती दिसेनाशी झाली.

दुसरा तास प्रयोगशाळेत पाचवीचाच होता. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. मुलं घोळक्याने आली, धापा टाकत, एकमेकांना धरून. घोळका संपला. मग व्हरांड्यात एकट्याच बुटांचा आवाज आला, सावकाश, एकसारखा. चौकटीवर एक हात आला, आणि हाताच्या मागून भोवरा.

“पंचावन्न झाली, बाई,” ती जाताना माझ्या कानाशी म्हणाली. “मी वाढले.”

मी पाठमोरी होऊन फळा पुसला. तो स्वच्छच होता.

मधल्या सुट्टीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग चौथा तास, पाचवा तास, सहावाही. मी प्रत्येक वेळी त्या त्या शिक्षकांना सहज विचारल्यासारखं विचारत होते, आणि माझं सहज विचारणं कुणालाच सहज वाटत नव्हतं. चित्रकलेचे सर म्हणाले की ती छोटी बरोबर वेळेवर आली, घ्या, आता तुम्ही श्वास सोडा.

शेवटच्या तासाला गणिताच्या सरांना घरून बोलावणं आलं आणि ते घाईने गेले. त्यांचा पाचवीचा तास मोठ्या सरांनी मला दिला. अकरा नंबरच्या खोलीत.

अकरा नंबर नव्या इमारतीत आहे. तिथे माझा तास कधी लागला नव्हता. मी तिथे दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मागून. माझ्या सात वाटांत ती वाट नव्हती. तरी मी हजेरीचं पुस्तक घेऊन निघाले, कारण नाही कसं म्हणणार. बारा नंबरच्या कोपऱ्यापर्यंत ठीक आले. तिथे दोन जिने, एक बंदिस्त वाट आणि एक बोळ, असे चार रस्ते फुटतात. घंटा होऊन गेली होती. व्हरांडे रिकामे झाले. पाचवीची बाकीची मुलं वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मागे लागून आधीच निघून गेली होती. मी सूचनाफलकापाशी थांबले आणि वाचायला लागले.

मागून सावकाश बुटांचा आवाज आला. भोवरा कोपऱ्यापर्यंत आली, थांबली, वहीवर एक बारीकशी खूण केली. मग तिने मला पाहिलं.

“बाई, तुम्ही इथे काय करताय?”

मी म्हटलं, सूचना वाचतेय. फलकावर एकच सूचना होती, मागच्या वर्षीची, पाण्याची टाकी धुण्याबद्दलची. तिनेही ती शेवटपर्यंत वाचली. मग आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, “तुम्हाला अकरा नंबर सापडत नाहीये का?”

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी म्हटलं, “नाही.”

तिने वही उघडली. माझा लाल-निळा कागद तिने पहिल्या पानावर चिकटवला होता, पण त्यापुढची पानं तिची होती. चौदाही खोल्या, प्रत्येक खोलीपासून प्रत्येक खोलीपर्यंत, पेन्सिलीने. कडेला सुताराच्या जाड अक्षरात तारखा, आणि तारखेपुढे तिचं त्या दिवशीचं पाऊल. एकावन्न, एकावन्न, बावन्न, त्रेपन्न.

“आम्ही सहा रविवार आलो होतो,” ती म्हणाली. “शिपाईशिपाईमामांनी कुलूप काढून दिलं. बाबा म्हणाले, लागोत न लागोत, सगळ्या मोजून ठेवू.” तिने बोट वहीवर ठेवलं. “कोपऱ्यापासून बंदिस्त वाटेने सरळ. शहात्तर पावलं, डावीकडे. पण ती माझी. तुमची किती होतात ते तुम्ही काढा.”

मी काढली. शहात्तर गुणिले त्रेपन्न, चार हजार अठ्ठावीस. भागिले सत्तर.

“सत्तावन्न,” मी म्हटलं, “आणि थोडा हात.”

“सत्तावन्न माझी होती,” ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग गंभीर होऊन तिने दप्तर सारखं केलं. “हात धरायचा नाही हं, बाई. अट आहे.”

आम्ही शेजारी शेजारी निघालो. दोघीही मनातल्या मनात मोजत होतो, ती तिचे आकडे, मी माझे, म्हणून कुणी कुणाशी बोललं नाही. मी बेचाळीसवर होते तेव्हा ती छप्पन्न म्हणून पुटपुटली. मी सत्तावन्नला थांबले तेव्हा ती शहात्तरला थांबली. मी डावीकडे हात पुढे केला आणि कडी हाताला लागली.

आत सत्तावीस मुलं दंगा करत होती. भोवऱ्याने तो आवाज ऐकला आणि तिचा चेहरा एकदम उतरला. सगळे आधीच आले होते.

“बाई, उशीर झाला,” ती म्हणाली. “वर्ग सुरू झाला.”

“वर्ग बाई आत आल्यावर सुरू होतो,” मी म्हटलं. “तू आधी जा.”

ती आत गेली, आपल्या बाकावर बसली, दप्तर खाली ठेवलं. मग मी आत गेले. सगळी उठून उभी राहिली. मी हजेरी घेतली, अठ्ठावीस पैकी अठ्ठावीस.

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी आत्या होत्या, पिशवी छातीशी धरून, आणि त्यांच्या शेजारी सुतार. ताईही दोन गल्ल्या धावत आलेली दिसत होती. तिला बोलायलाही दम नव्हता, हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं. भोवरा चौदाच्या चौदा पावलं, म्हणजे तिची अठरा, नीट मोजत फाटकापर्यंत आली.

आत्यांनी विचारलं की सगळे तास मिळाले का. तिने सांगितलं, सातही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ते बहिणीला म्हणाले की टेबल घरीच राहील, पॉलिश आज संध्याकाळी करतो.

आत्यांनी पिशवीत हात घालून बिस्किटांचा एक पुडा काढला आणि भाचीच्या हातात ठेवला. न्हाव्याला देऊ नकोस, म्हणाल्या. सुट्टीत मात्र महिनाभर माझ्याकडे यायचं, खोली झाडलेली आहे ती तशीच ठेवते.

“आणि दिवसभरात कुणीसुद्धा हरवलं नाही?” त्यांनी विचारलं. “एवढ्या मोठ्या शाळेत?”

“एक जण हरवलं होतं,” भोवरा पुडा फोडत म्हणाली. “पण मी पोचवलं.”

“कोण गं ते वेंधळं?”

भोवऱ्याने एक बिस्किट मला दिलं.

“सांगणार नाही,” ती म्हणाली. “त्या इमारतीत नवीन आहे.”